होडीवरचा शिक्का

आमच्या किनाऱ्याच्या वतीने दिल्लीत कोणी बोलायचं हे ज्या मतदारसंघातून ठरतं, त्याचं नाव माझ्या डोळ्यांदेखत बदलत गेलं. कधी ठाणं, कधी भिवंडी, कधी डहाणू, आणि आता पालघर. नाव कुठलंही असो, गाठोडं तेच. एका टोकाला आमचा समुद्र, दुसऱ्या टोकाला जव्हार-मोखाड्याचे डोंगर आणि मधून रेल्वेचे रूळ. डोंगरातल्या माणसाने समुद्र पाहिलेला नसायचा, आणि आमची माणसं डोंगराकडे बघायची ती होडी परत वळवताना दिशा सापडावी एवढ्यापुरती. परवा माझा नातू कॉलेजसाठी या मतदारसंघाचा इतिहास लिहायला बसला होता. कोण निवडून आलं, कोण पडलं, कोणाची अनामत जप्त झाली, सगळं त्याने मोबाइलवरून उतरवून घेतलं. मी म्हटलं, त्यात हिराकाकीचं नाव घाल. तो म्हणाला, आजी, त्या कुठून उभ्या होत्या? मी म्हटलं, कुठूनच नाही, ती फक्त मत द्यायला गेली होती. तो हसला आणि पुढे लिहू लागला. म्हणून हे प्रकरण मीच लिहिते आहे.

गावाचं नाव सांगत नाही. मुरब्याच्या आसपासचं, खाडीच्या अलीकडच्या काठावरचं समजा. ज्यांच्याविषयी लिहायचं आहे त्यातले बहुतेक गेले, पण त्यांच्या सुना-नाती बाजारात भेटतात, आणि मला मासळी अजून त्यांच्याकडूनच घ्यायची असते. आमचं घर कुडाच्या भिंतींचं, वर कौलं, पुढे सारवलेलं अंगण आणि अंगणाला लागून वलांडी. वलांडी म्हणजे बोंबील सुकवायच्या काठ्यांचा मांडव. हिवाळ्यात उठल्यापासून तिथेच दिवस जायचा. दोन बोंबलांचे जबडे एकात एक अडकवायचे आणि काठीवर टाकायचे, पुढचे दोन घ्यायचे. खाडीकडून सुतारांच्या हातोड्यांचा आवाज येत राहायचा, कावळे हाकलायला म्हाताऱ्या डबे बडवायच्या, आणि दुपारी चुलीवर भाजलेला सुका बोंबील आणि तांदळाची भाकरी एवढं जेवण आम्हाला राजासारखं वाटायचं. बोयसरला शाळेत गेलं की पोरी नाकाला रुमाल लावायच्या. मी त्यांच्या अंगावर आणखी रेलून बसायची. तेवढा खोडसाळपणा माझ्यात पहिल्यापासून होता.

घरात बाबा, आई, माझा थोरला भाऊ दामू, मी आणि हिराकाकी. काकी म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाची बायको. तिला मूल नव्हतं. काका आपल्या होडीसकट समुद्रात राहिला, ती होडीही आली नाही आणि तिच्यावरचं एकही माणूस आलं नाही. काकी माहेरी गेली नाही. दामूला तिनेच वाढवलं होतं. त्याच्या डोक्याला तेल लावायची ती, त्याला शिव्या द्यायची ती, आणि तो रुसला की आई म्हणायची, जा, तुज्या काकीकडं जा. ज्या निवडणुकीचं हे प्रकरण, त्या वर्षी दामू बाबांच्या होडीवर जायला लागला. पहिल्या दिवशी आई त्याला पोचवायला काठापर्यंत गेली. काकी गेली नाही, ती घरात तांदूळ निवडत बसली. दामू परत येईपर्यंत तिने ते तांदूळ किती वेळा निवडले कोण जाणे.

आता फुलीचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या गावात प्रत्येक होडीचा खाडीकाठी एक खुंटा असे. होडी समुद्रात राहिली आणि आता ती येणार नाही असं घरच्यांनी मनाशी मान्य केलं, की त्या घरच्या बाईने जाऊन खुंट्यावर कोळशाने काळी फुली काढायची. त्यानंतर त्या खुंट्याला कोणी होडी बांधत नसे. पावसाळ्यात फुली पुसली जाई, मग होड्या पुन्हा पाण्यात लोटायच्या दिवसांत त्याच बाईने ती पुन्हा काढायची. हे इतर गावांत होतं की नाही मला ठाऊक नाही, आमच्यात होतं. काकाच्या होडीवर जे होते त्यांच्या घरचे सगळे फुली काढायची वाट बघून थकले, पण काकी खुंट्याकडे जाईना. शेवटी एका सकाळी चुलीतला कोळसा घेऊन ती एकटीच गेली. परत आली तेव्हा तिचा हात काळा होता. तो तिने धुतला नाही, त्याच हाताने दिवसभर काम करत राहिली. 

निवडणूक आली ती फुली काढली त्याच्या पुढच्या वर्षी. त्या दिवसांत तारापूरकडे सरकारी मोजणीवाले फिरू लागले होते. लाल-पांढऱ्या काठ्या रोवून दुर्बिणीतून बघायचे, आणि काय बांधणार विचारलं तर वीज एवढंच सांगायचे. गावात घबराट झाली. समुद्रात जिथे खांब रोवून आमची डोल जाळी बांधलेली असत त्या जागा बापजाद्यांपासूनच्या. त्या जातील, पाणी तापेल, मासळी पळेल, असं जो तो बोलायला लागला. तेव्हा डोंगराकडचे एक मास्तर दिल्लीच्या जागेसाठी अपक्ष उभे होते. बारीक, काळेसावळे, सायकलवरून प्रचार करणारे. ते गावात आले आणि म्हणाले, तुमच्या जाळ्यांच्या जागांसाठी मी दिल्लीत बोलेन, आमच्या जंगलांसाठी बोलेन तसाच. एवढं साधं आमच्याशी कोणी बोललं नव्हतं. आणि नशीब असं, की चिठ्ठ्या टाकून त्यांना चिन्ह मिळालं होतं होडी. ज्या माणसाने जन्मात होडीत पाय ठेवला नव्हता त्याला होडी. आमच्या जमातीच्या पाटलांना तो देवीचा कौलच वाटला. त्यांनी गावदेवीपुढे नारळ ठेवला, घराघरातल्या कर्त्या पुरुषाने त्यावर हात ठेवला, आणि गावचं एकही मत इकडचं तिकडं होणार नाही असं पाटलांनी मास्तरांना सगळ्यांसमोर सांगितलं.

त्याआधीच्या निवडणुका मला आईकडून ऐकून माहीत होत्या. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची, पेटीवर त्याच्या चिन्हाचं चित्र चिकटवलेलं, आणि आपला कागद हव्या त्या पेटीत टाकून बाहेर यायचं. या खेपेला तसं नव्हतं. एकाच कागदावर सगळी चित्रं आणि आपल्या चित्रावर शिक्का मारायचा. हे बायकांना दाखवायला मास्तरांच्या प्रचारातली दोन पोरं पालघरहून आली. मतदानाचा दिवस उधाणाच्या भरतीचा होता आणि उधाणात जाळी सोडून कोणी घरी बसत नाही. गडी सगळे समुद्रावर जाणार होते, मत द्यायला उरल्या होत्या बायका आणि म्हातारे. म्हणून ती पोरं थेट वलांडीवर आली.

"हे बघा मावशी," एकजण म्हणाला, "ही शिडी, ही होडी, ही सायकल. बाकीचं बघायचंच नाही. होडी दिसली की तिच्यावर असा शिक्का." आणि त्याने शाईत बुडवलेला ठसा दाणकन होडीवर मारला. कागदावर होडी, आणि होडीवर काळी फुली.

वलांडीवरचे हात थांबले. मी काकीच्या बाजूलाच होते. तिने हातातले बोंबील खाली टाकले, त्या पोराच्या हातातून कागद घेतला आणि बराच वेळ बघत राहिली.

"दुसरी कुठली खून चालत नाय?" तिने विचारलं. "कुंकवाचं बोट चालंल?"

पोरं हसली. "कुंकू लावलंत तर मत बाद होईल मावशी. हाच शिक्का लागतो."

"आनि हा होडीवरच मारायचा?"

"होडीवरच. नीट मध्यावर."

ती पोरं पुढच्या वलांडीवर गेली. काकी खाली वाकून बोंबील उचलायला लागली. म्हणाली, "ही फुली मी माज्या हातानं एकदा काढली. दुसऱ्यांदा नाय काढनार."

"गप," आई म्हणाली. "गावानं नारलावर हात ठेवलाय."

"तू काढशील? त्या दिवशी तुजा दामू होडीत हाय."

आईने हातातले बोंबील काठीवर टाकले. मग इकडे तिकडे बघून हळूच म्हणाली, "माज्यानं बी नाय व्हनार गो." आजूबाजूच्या बायकांनी ते ऐकलं. त्या आपापल्या काठ्यांकडे वळल्या. पण त्या दुपारी वलांडीवर एकही गाणं झालं नाही, एवढं मला आठवतं.

आईने संध्याकाळी बाबांजवळ विषय काढला, तो मी ऐकला. बाबा जेवत होते. "ती फुली कशी दिसते तुमी बघितली काय?" आईने विचारलं. बाबा म्हणाले, "कागद हाय तो. कागद काय पान्यात जात नाय." आणि त्यांनी आणखी कालवण मागितलं. बाबा वाईट माणूस नव्हते. फक्त फुली काढायला त्यांना कधी जावं लागलं नव्हतं, ते काम आमच्यात बायकांचं.

मतदान शाळेत होतं. अंधार असतानाच होड्या गेल्या होत्या. बायका ठेवणीतली लुगडी नेसून, केसांत फुलं घालून रांगेत उभ्या राहिल्या. काकी मला बरोबर घेऊन गेली होती. तिची पाळी आली, ती आत गेली आणि मला वाटलं त्याच्यापेक्षा लवकर बाहेर आली. बोटाला शाई. ती लुगड्याला पुसून पाहिली, गेली नाही, तेव्हा म्हणाली, "चिकट हाय." मग शाळेच्या पायरीवर उभी राहून समुद्राकडे बघत राहिली. संध्याकाळी होड्या परतल्या तेव्हा ती गुडघाभर पाण्यात जाऊन उभी होती. दामूच्या डोक्यावरची टोपली तिने ओढून घेतली, तो म्हणाला, "काय करते काकी, पडशील," आणि ती मोठ्याने हसली. तिचं तसं हसणं मी त्यानंतर पाहिलं नाही.

तेव्हा मतमोजणी पेटी-पेटीने व्हायची. कुठल्या गावाने काय केलं ते टेबलाभोवती उभ्या असलेल्या सगळ्यांना दिसायचं. पाटील स्वतः मास्तरांच्या बाजूने तिथे उभे होते. आमच्या गावची पेटी उघडली आणि होडीची मतं निघाली ती मूठभर. शिडीचा गठ्ठा फुगला. आणि बाद मतांचा गठ्ठा त्याहून मोठा. कोणी शिक्का होडीच्या वरच्या कोऱ्या जागेत मारलेला, कोणी कागदाच्या मागे, कोणी मारलाच नव्हता. एकीच्या कागदावर म्हणे कुंकवाचं बोट उमटलेलं होतं. शेजारी उभा असलेला पालघरचा कोणी पुढारी पाटलांना म्हणाला, "काय पाटील, घरच्या बायकांनीसुद्धा ऐकलं नाही वाटतं?" टेबलाभोवतीचे सगळे हसले.

मास्तर पडले. आणि हे मी मुद्दाम लिहून ठेवते, ते इतक्या फरकाने पडले की आमच्या गावचं झाडून सगळं मत होडीला पडलं असतं तरी पडलेच असते. पुढे जे झालं ते एका मतासाठीसुद्धा व्हायची गरज नव्हती. पण पाटील परत आले ते ते हसणं घेऊन आले. गावात कोणीतरी शिडीवाल्यांचे पैसे वाटले अशी त्यांनी खूणगाठ बांधली. मला आता वाटतं, त्यांना खरं कारण कळलं असावं. खुंट्यावरची फुली त्यांनी जन्मभर पाहिली होती. पण ते कबूल करायचं म्हणजे आपणच गावाला कशावर शपथ घ्यायला लावली तेही कबूल करणं आलं. त्यापेक्षा पैसे वाटले हे सोपं होतं.

दुपारी ओहोटीच्या वेळी गावदेवीच्या अंगणात बैठक बसली. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला रांगेने. मध्ये पाटावर नारळ. बाबा पंचांत बसले होते. पाटील म्हणाले, "जिनं जिनं होडीवर शिक्का मारला तिनं नारलावर हात ठेवून सांगायचं. जिनं नाय मारला तिनं बी सांगायचं. देवी बघते."

पहिली बाई पुढे आली, हात ठेवला, म्हणाली, "मारला." दुसरी आली. "मारला." पाटलांची बायको आली, तीही म्हणाली, "मारला." मी देवळाच्या पायरीशी पोरींत बसले होते. एकेक चेहरा पुढे येत होता आणि तेच म्हणून मागे जात होता, आणि मला कळत होतं की यातल्या निम्म्या तरी खोटं बोलताहेत. पेटीतली मतं काय आभाळातून पडली होती? आईची पाळी आली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, दामूकडे पाहिलं. मग हात ठेवला. "मारला." तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

काकी सगळ्यांत शेवटी होती. ती पुढे आली, पण तिने हात ठेवला नाही. "मी नाय मारला," ती म्हणाली.

 पाटील म्हणाले, "कुनाचे पैशे घेतले?"

"पैशे कशाला घेऊ? होडीवर फुली मारायला सांगितली. आमची पोरं त्या दिवशी पान्यात होती. माजा हात नाय उचलला."

"तो कागद व्हता."

"आसंल. मी एकदा फुली काढलीय पाटील. तुमी नाय काढली."

"मग देवीपुडं गावानं घेतलेली शपथ?"

"म्हनूनच तर सांगते. जिला भिऊन हात आवरला, तिच्याच नारलावर हात ठेवून खोटं बोलू?"

हे ऐकल्यावर बायकांच्या रांगेत सगळ्यांच्या माना खाली गेल्या. पाटलांनी ते पाहिलं. त्यांचा आवाज चढला. "म्हंजे बाकीच्या खोटं बोलल्या असं म्हनते तू?"

काकीने वळून रांगेकडे पाहिलं. आईवर तिची नजर थांबली.  एक शब्द पुरला असता. "बाकीच्यांचं मी काय सांगू," ती म्हणाली. "मी माजं सांगितलं."

निकाल तिथेच झाला. हिराबाई वाळीत. तिच्याशी कोणी देवाणघेवाण करायची नाही, विस्तव द्यायचा नाही, तिच्या दारात जायचं नाही. जे घर तिला ठेवून घेईल तेही वाळीत. आणि शेवटी पाटील म्हणाले, "गावच्या कुठल्या होडीत हिनं पाय ठेवायचा नाय, आनि हिला कोनी घ्यायचं नाय." होडीवर फुली मारायला जिचा हात उचलला नाही, तिला होडी बंद. बाबा पंचांत बसले होते ते बसूनच राहिले. आज इतकी वर्षं झाली, ते जाऊनही खूप काळ लोटला, पण त्या दुपारी ते उठले नाहीत याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. आईचा राग मला का येत नाही, ते मला सांगता येत नाही. तिला दामू होता, मी होते, माझं लग्न व्हायचं होतं. तिचं गणित मला कळतं.

काकीने मिठागरांच्या पलीकडे झोपडी घातली. आठवड्याभराने मास्तर आले, सायकल हातात धरून. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. आधी ते पाटलांकडे गेले. म्हणाले, "चिन्ह मी मागितलं नव्हतं पाटील, चिठ्ठीत आलं. मला सायकल हवी होती. तुमच्याकडे त्या खुणेचा असा अर्थ आहे हे मला कोणी सांगितलं असतं तर मीच नको म्हटलं असतं. माझी तक्रार नाही, मग त्या बाईला शिक्षा कशाची?" पाटील म्हणाले, "मास्तर, तुमचा मामला दिल्लीचा. हा गावचा हाय." मग मास्तर मिठागरावरून झोपडीकडे गेले. मी शाळेतून त्याच वाटेने येत होते. ते काकीच्या दारात जमिनीवर बसले होते आणि म्हणत होते, "माझ्यामुळे झालं हे." काकी त्यांना पाणी देत म्हणाली, "तुमच्यामुले कसं? तुमी कदी होडीत बसले नाय, तुमाला काय म्हाईत?" मास्तर पाणी प्यायले आणि त्यांनी डोळे पुसले. डोंगरातला तो माणूस आमच्या गावातल्या वाळीत टाकलेल्या बाईच्या हातचं पाणी प्यायला, आणि मी तिच्या जिवाभावाची, वाटेवरून बघत उभी होते.

पुढची वर्षं मी लांबण लावून सांगत नाही. तारापूरला बांधकाम सुरू झालं, गावोगावची माणसं तिथे राबायला आली, आणि काकीही घमेली उचलायला जाऊ लागली. तिथल्या मुकादमाचं हिंदी तिला कळायचं नाही, पण तिथे तिला कोणी वाळीत टाकलेली म्हणत नव्हतं. कामाला खाडा असला की सुकी मासळी घेऊन सातपाटी-पालघरला विकायला जायची. आम्ही होडीतून खाडी ओलांडून जायचो तिथे ती बोयसरवरून फिरून जायची, सबंध दिवस मोडायचा. मास्तर आता पालघरला राहायला आले होते, त्यांच्या घरी टेकायची. आम्ही होडीतून जाताना कधी ती दूर बांधावरून चालताना दिसायची. दामू मान वळवून दुसरीकडे बघायचा. मासळी तिला कुठून मिळायची, तर आमच्या वलांडीच्या शेवटच्या काठीवरून. आई त्या काठीवर बोंबील टाकायची आणि काढायला विसरायची. सकाळी काठी रिकामी असायची. काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की त्या काठीवर आमच्या नसलेलेही बोंबील असतात, मांदेली असते, जवळ्याची पुरचुंडी असते. कोण आणून ठेवतं ते कोणी विचारलं नाही. आमच्या गावच्या बायकांची हिंमत एवढीच होती, अंधारात एका काठीपुरती.

पुढची निवडणूक जवळ आली होती, भिंतींवर चुन्याने नावं रंगवायला सुरुवात झाली होती, तेव्हा एका सकाळी सातपाटीच्या बाजूने निरोप आला. काकी पालघरच्या रस्त्यावर ताप भरून पडली होती. मास्तरांनी दवाखान्यात नेलं, पण ती राहिली नाही. मास्तर तिला बैलगाडीत घालून पलीकडच्या काठापर्यंत घेऊन आले होते. होडी पाठवा.

सगळं गाव काठावर जमलं. भरती पुरी भरत आली होती. पलीकडे गाडी दिसत होती, गाडीवर पांढरं, आणि बाजूला उभं राहिलेलं एक बारीक माणूस. अलीकडे ओळीने होड्या बांधलेल्या. कोणी दोराला हात लावत नव्हतं, सगळे पाटलांकडे बघत होते. बाबा पुढे झाले. "पाटील, माजी भावजय हाय. मातीपुरतं तरी…"

"मातीला कोन नाय म्हनतं?" पाटील म्हणाले. "गाडी बोयसरवरून फिरवा. होडीचं ठरलेलं हाय ते ठरलेलं हाय."

बाबा मागे सरले. मला वाटलं, झालं, आता ती गाडी वळणार आणि मेल्यावरही काकी फिरूनच येणार. तेवढ्यात आई गर्दीतून पुढे गेली. चार माणसांत ती कधी मोठ्याने बोललेली मी ऐकलं नव्हतं.

"मी बी नाय मारला शिक्का," ती म्हणाली. "नारलावर हात ठेवून खोटं बोलली. ती सगल्यांदेखत माज्याकडं बघत व्हती, तिनं माजं नाव नाय घेतलं. आता मला बी टाका वाळीत."

बाबांनी तिचा हात धरला, तो तिने सोडवून घेतला. पाटील लाल झाले. बायकांकडे वळून म्हणाले, "आनखी कोन हाय?"

 मी थांबले होते, एखादी तरी बोलेल म्हणून. एकही बोलली नाही. पण त्या दिवशीसारख्या त्यांच्या माना खाली नव्हत्या. सगळ्या पाटलांच्या तोंडाकडे बघत होत्या, आणि त्यांत पाटलांची बायकोही होती. पाटलांनी तिच्याकडे पाहिलं. ती नजर काढेना. तो प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही. पाण्याकडे बघत म्हणाले, "भरती उतराय लागंल. आनायची तर लवकर आना," आणि घराकडे चालू लागले.

आई आमच्या होडीत चढली. मी तिच्या मागून चढले. दामू कमरेएवढ्या पाण्यातून धावत आला, त्याने होडी लोटली आणि वल्ही घेतली.  पलीकडे मास्तरांनी आणि गाडीवानाने काकीला उचलून होडीत ठेवलं. मास्तर विचारायला लागले, "मी येऊ का?" आई म्हणाली, "या." असे मास्तर जन्मात पहिल्यांदा होडीत बसले, दोन्ही हातांनी कड घट्ट धरून. आईने काकीचं डोकं मांडीवर घेतलं होतं. दामू वल्हवत होता आणि रडत होता, आणि नाक पुसायला त्याचा हात मोकळा नव्हता.

काठ जवळ आला तेव्हा दामूने होडी आमच्या खुंट्याकडे वळवली. आई म्हणाली, "तिकडं नाय." तिने बोट केलं ते ओळीतल्या शेवटच्या खुंट्याकडे. त्याच्यावर काकीने पावसाळा सरल्यावर काढलेली फुली होती, अजून काळीभोर. झोपडीतून केव्हातरी येऊन तिने ती काढली असणार. काठावरची माणसं बघत होती. दामू घुटमळला.

"आय, तो काकाचा खुंटा हाय. त्याला होडी बांदत नाय."

आईने दोर स्वतः हातात घेतला. "मग ती दुसऱ्या कुठं उतरंल?" ती म्हणाली, आणि फुलीवरून दोराचे दोन वेढे घेऊन तिने होडी बांधली.